वॉल्टर टल : एका हाफ-बॅकची गोष्ट

खरं सांगायचं तर हा लेख म्हणजे एक माफी आहे. पण ज्याची माफी मागायची तो माणूस आता सापडणार नाही. त्यामुळे ती या पानावर मागतो आहे, आणि त्यासाठी मला तुम्हाला आधी दुसऱ्याच एका माणसाची गोष्ट सांगावी लागणार आहे.

गेल्या वर्षी आपल्या ग्राउंडवर बाहेरच्या एका कॉलेजबरोबर फुटबॉलची मॅच झाली. त्यांच्या टीममध्ये ईशान्येकडचा एक मुलगा होता, आठ नंबरचा. अंगानं बारीक, पण बॉल पायाला चिकटवल्यासारखा घेऊन पळायचा. पहिल्या वीस मिनिटांत त्याने आपल्या डिफेन्सची पार वाट लावली. मग कॅन्टीनच्या बाजूच्या टचलाइनवरून कुणीतरी त्याच्या चेहऱ्यावरून एक शब्द ओरडला. पाच जण हसले. मग पाचांचे पन्नास झाले आणि त्याच्या पायात बॉल आला की सगळे मिळून तोच शब्द ओरडू लागले. खोटं कशाला बोलू, त्या पन्नासांत मीही होतो. मजा चालली होती, दुसरं काय! सेकंड हाफमध्ये त्या मुलाचा खेळ पडला. शेवटी त्यांच्या सरांनी त्याला बाहेर बसवलं. आपण दोन-एकने जिंकलो.

मॅच संपल्यावर मी बाटली भरायला नळावर गेलो, तर तो तिथे पाय धूत बसला होता. मला बघून बाजूला सरकला आणि तुम्हीच आधी भरून घ्या म्हणाला. मी बाटली भरली आणि एक शब्दही न बोलता निघून आलो. रात्री मेसमध्ये फीस्ट होती. जेवलो, झोपलो, विसरलो.

दोन महिन्यांनी सबमिशनच्या धामधुमीत, जर्नल लिहायचा कंटाळा आला म्हणून मी नेटवर जुन्या इंग्लिश फुटबॉलबद्दल काहीबाही वाचत बसलो होतो. त्यात वॉल्टर टल हे नाव भेटलं. वाचता वाचता एका ठिकाणी मी थांबलो, आणि मला तो नळ आठवला. ते ठिकाण कुठलं, ते पुढे येईलच.

वॉल्टरचा जन्म २८ एप्रिल १८८८ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फोकस्टन या गावी झाला. वडील डॅनियल टल हे सुतार. ते मूळचे वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरचे. हे बेट आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे, पण त्या काळी तिथे उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम होते. वॉल्टरचे आजोबा गुलामीत जन्मलेले. म्हणजे माल म्हणून ज्याची खरेदी-विक्री होऊ शकत होती, अशा माणसाचा हा नातू. डॅनियल १८७६ साली इंग्लंडला आले, फोकस्टनला सुतारकी करू लागले आणि तिथल्याच केंट परगण्यातल्या ॲलिस पामर या गोऱ्या मुलीशी त्यांनी लग्न केलं. वडील काळे, आई गोरी, घरात पोरांचा गोतावळा. पैसा बेताचाच, पण हाताला कसब होतं.

१८९५ मध्ये आई कॅन्सरने गेली. वडिलांनी आईच्याच नात्यातल्या क्लारा पामरशी दुसरं लग्न केलं, तर १८९७ च्या डिसेंबरात वडीलही हृदयविकाराने गेले. क्लाराच्या पदरात तिचं स्वतःचं तान्हं बाळ आणि शिवाय ही आधीची मुलं. कशी निभावणार ती बाई? शेवटी चर्चच्या ओळखीने दोन मुलांना, वॉल्टर आणि त्याचा मोठा भाऊ एडवर्ड यांना, लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या अनाथाश्रमात पाठवायचं ठरलं. १८९८ चा फेब्रुवारी महिना. वॉल्टर नऊ वर्षांचा होता.

आपण होस्टेलवाले घराच्या आठवणीने रडलो तरी आपल्याला दिवाळीची सुट्टी असते. त्याला जायला घरच उरलं नव्हतं. सोबतीला भाऊ होता, पण तोही फार दिवस राहिला नाही. एडवर्डचा गळा चांगला होता आणि आश्रमाच्या गायक-मुलांचं पथक देणग्या जमवायला गावोगाव फिरायचं. त्यातूनच ग्लासगोच्या वॉर्नॉक कुटुंबाने त्याला पाहिलं आणि १९०० साली दत्तक घेतलं. वॉर्नॉक दाताचे डॉक्टर. पुढे एडवर्डही दाताचा डॉक्टर झाला. ब्रिटनमध्ये दंतवैद्यकी करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीयांत त्याचं नाव घेतात. भावाचं नशीब असं उघडलं आणि बारा वर्षांचा वॉल्टर आश्रमात एकटा राहिला. दोघांचं नातं मात्र शेवटपर्यंत टिकलं.

आश्रमात मुलांना धंदेशिक्षण मिळायचं. आपल्या भाषेत आयटीआय म्हणा. वॉल्टर छापखान्याचं काम शिकला. संध्याकाळी आश्रमाच्या टीममधून फुटबॉल खेळायचा. १९०८ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याला लंडनच्या क्लॅप्टन या हौशी क्लबने निवडलं. हौशी म्हणजे खेळायचे पैसे नाहीत. त्या एका मोसमात, १९०८-०९ मध्ये, क्लॅप्टनने एफए अमॅच्युअर कप, लंडन सीनियर कप आणि लंडन काउंटी अमॅच्युअर कप असे तीन कप जिंकले! वर्तमानपत्रांचं लक्ष गेलं, आणि वर्तमानपत्रांच्या पाठोपाठ टॉटनहॅम हॉटस्परचं.

टॉटनहॅम तेव्हा नुकतंच पहिल्या विभागात चढलं होतं. १९०९ च्या उन्हाळ्यात क्लब अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा वॉल्टरला सोबत नेलं. परत आल्यावर त्याच्याशी रीतसर करार झाला. करारावर सही केल्याचे १० पौंड आणि आठवड्याला ४ पौंड पगार. नियमाने यापेक्षा जास्त कुठल्याच खेळाडूला देता येत नसे. छापखान्यातल्या उमेदवाराला हा पगार म्हणजे कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये लॉटरी लागल्यासारखं! काळ्या बापाचा मुलगा इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात खेळणार, हे त्या काळी फार म्हणजे फारच क्वचित घडणारं होतं. त्याच्या आधी आर्थर व्हार्टन नावाचा, आजच्या घानात जन्मलेला गोलकीपर होऊन गेला होता. पण अशी नावं बोटांवर मोजावी लागतात.

पहिली मॅच १ सप्टेंबर १९०९ ला संडरलंडविरुद्ध. घरच्या मैदानावरची पहिली मॅच त्याच महिन्याच्या ११ तारखेला, आणि समोर कोण? तर मँचेस्टर युनायटेड, त्याच वर्षीचे एफए कप विजेते. तीस हजारांवर प्रेक्षक होते. वॉल्टर फॉरवर्ड खेळला, त्याला पाडलं म्हणून टॉटनहॅमला पेनल्टी मिळाली आणि मॅच २-२ अशी सुटली. पुढच्याच आठवड्यात ब्रॅडफर्ड सिटीविरुद्ध त्याने पहिला गोल केला. वर्तमानपत्रांनी त्याच्या शांत डोक्याचं कौतुक केलं. गडबड न करता, बॉल नेमका कुणाला द्यायचा हे बघून देणारा खेळाडू, असा त्याचा लौकिक झाला.

आणि मग ऑक्टोबर १९०९ मध्ये टॉटनहॅमची टीम ब्रिस्टलला गेली. मी थांबलो ते इथे.

ब्रिस्टल सिटीच्या प्रेक्षकांतल्या एका गटाने मॅचभर वॉल्टरला त्याच्या रंगावरून घाणेरड्या शिव्या दिल्या. त्या शिव्या इतक्या हीन होत्या, की तिथे हजर असलेल्या वार्ताहराने मॅचचा वृत्तान्त बाजूला ठेवून त्या गटाचीच खरडपट्टी काढली. एवढं होऊनही त्या दिवशी मैदानावरचा सर्वांत चांगला फॉरवर्ड वॉल्टरच होता, असंही त्याने नोंदवून ठेवलं. उलट शिवी नाही, मारामारी नाही, शांतपणे खेळत राहिला.

यानंतर काय व्हायला हवं होतं? क्लबने त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं होतं. झालं उलटंच. थोड्याच दिवसांत वॉल्टर पहिल्या टीममधून बाहेर गेला आणि राखीव टीममध्ये खेळू लागला. त्याच्या आयुष्याचा अभ्यास करणारे लोक या दोन गोष्टी एकमेकींशी जोडतात. दोन मोसम मिळून टॉटनहॅमकडून त्याच्या लीगमधल्या मॅच झाल्या फक्त १०, गोल २. तीस हजार लोकांसमोर युनायटेडला झुंजवणारा मुलगा महिन्याभरात राखीव खेळाडू होऊन बसला.

हे वाचलं आणि मला आमचा आठ नंबर दिसला. तोपर्यंत मी अशा गोष्टी वाचल्या, की मनातल्या मनात नेहमी खेळाडूच्या बाजूला उभा राहायचो. आपण सगळेच राहतो. गांधीजींना गाडीतून ढकललं हे वाचताना कुणी त्या ढकलणाऱ्याच्या जागी स्वतःला बघत नाही. या वेळी मात्र मला माझी जागा नीट माहीत होती. मी ब्रिस्टलच्या त्या गर्दीत होतो. तिथल्या लोकांनाही बहुधा मजाच वाटली असेल. घरी जाऊन जेवले असतील, झोपले असतील, विसरले असतील.

पण गोष्ट ब्रिस्टलला संपत नाही, हे वॉल्टरचं मोठेपण. आणि आणखी एका माणसाचंही. त्याचं नाव हर्बर्ट चॅपमन. पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनलला अजिंक्य करणारा हा थोर मॅनेजर तेव्हा नॉर्दॅम्प्टन टाउन या लहान क्लबची टीम बांधत होता. हा क्लब सदर्न लीगमध्ये खेळायचा. चॅपमनने ऑक्टोबर १९११ मध्ये वॉल्टरला घसघशीत रक्कम मोजून विकत घेतलं. मोठ्या क्लबने अडगळीत टाकलेला माणूस त्याला हवासा वाटला. त्याने वॉल्टरला फॉरवर्डवरून मागे घेऊन हाफ-बॅक केलं. फुटबॉल न खेळणाऱ्यांसाठी सांगतो, हाफ-बॅक म्हणजे डिफेन्स आणि फॉरवर्ड यांच्या मधला दुवा. समोरच्याचा हल्ला तोडायचा आणि तोच बॉल आपल्या फॉरवर्डला नेऊन द्यायचा. गोल दुसऱ्याच्या नावावर लागतो, धावपळ याची. शांत डोक्याच्या माणसाला ही जागा अगदी फिट बसली. नॉर्दॅम्प्टनसाठी तो शंभरावर मॅच खेळला, ९ गोल केले आणि तिथल्या लोकांचा लाडका झाला. टचलाइनवर गर्दी होती, तीही इंग्रजच होती. पण ही त्याच्या नावाने टाळ्या वाजवणारी.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. फुटबॉलपटू धडधाकट असून मैदानावर बॉलमागे काय धावतात, अशी टीका होऊ लागली. डिसेंबरात खास फुटबॉलपटूंची एक पलटण उभारली गेली, मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन. त्याच महिन्यात वॉल्टरने तिच्यात नाव नोंदवलं. नोव्हेंबर १९१५ मध्ये पलटण फ्रान्सला पोचली तेव्हा तो सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत गेला होता. मे १९१६ मध्ये तोफांच्या सततच्या माऱ्याने त्याच्या मनावर परिणाम झाला, त्याला उपचारांसाठी इंग्लंडला परत पाठवलं गेलं. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. कारण शूर माणूस म्हणजे ज्याला काही होतच नाही असा, अशी आपली एक फिल्मी समजूत असते. वॉल्टरला झालं. बरा झाला आणि परत सोमच्या लढाईत जाऊन उभा राहिला. डिसेंबरात खंदकातल्या तापाने पुन्हा घरी.

या वेळी मात्र त्याला परत खंदकात न पाठवता स्कॉटलंडमधल्या गेल्सला अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. इथे एक अडचण होती. त्या काळच्या लष्करी नियमांनुसार अधिकारी शुद्ध युरोपीय वंशाचा असायला हवा होता. गोऱ्या सैनिकांना हुकूम देणारा काळा माणूस त्या नियमांत बसतच नव्हता. आपल्याकडच्यांचीही तीच गत होती. याच युद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींतला माणूस फार तर सुभेदार-मेजर व्हायचा, आणि काल आलेला कोवळा गोरा लेफ्टनंटही त्याच्या वरचा असायचा. सम्राटाची सनद हिंदी लोकांना लढाऊ दलात मिळू लागली ती १९१७ च्या ऑगस्टपासून, तीही मोजक्यांना.

पण ज्यांनी वॉल्टरला खंदकात काम करताना पाहिलं होतं, त्या वरिष्ठांनीच त्याची शिफारस केली होती. ३० मे १९१७ रोजी तो सेकंड लेफ्टनंट झाला. नियम पुस्तकात तसाच राहिला आणि माणूस पुढे गेला. ब्रिटिश सैन्यातल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांत त्याची गणना होते.

आता तो मिडलसेक्सच्या २३ व्या बटालियनमध्ये होता. हीसुद्धा फुटबॉलवाल्यांचीच. १९१७ च्या शेवटी ही पलटण इटलीला गेली. १९१८ च्या पहिल्याच दिवशी रात्री पियावे नदी ओलांडून शत्रूच्या हद्दीत छापा घालायचा होता. कडाक्याची थंडी, वेगाने वाहणारं पाणी आणि पलीकडच्या काठावर बंदुका. वॉल्टर २६ माणसं घेऊन गेला आणि सगळीच्या सगळी परत घेऊन आला. डिव्हिजनचे सेनापती मेजर-जनरल लॉफर्ड यांनी त्याच्या धैर्याची आणि शांतपणाची लेखी दखल घेतली. बघा, शब्द तोच, शांतपणा! १९०९ मध्ये वार्ताहरांनी वापरलेला. मला राहून राहून वाटतं, ती २६ गोरी पोरं त्या अंधारात, बर्फासारख्या पाण्यात कुणाच्या मागे चालली होती? इंग्लंडच्या एखाद्या मैदानावर हाच माणूस समोर आला असता, तर त्यांतल्या एखाद्याने शिवी दिली असती का? आणि त्या रात्रीनंतर दिली असती का?

मार्च १९१८ मध्ये पलटण परत फ्रान्सला आली. २१ तारखेला जर्मनांनी वसंतातला तो मोठा हल्ला चढवला आणि ब्रिटिश फळी मागे रेटली जाऊ लागली. २५ मार्चला फाव्रय गावाजवळ माघार चालू असताना वॉल्टरला गोळी लागली. त्याला तीस पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. टॉम बिलिंगहॅम नावाच्या शिपायाने, जो एके काळी लेस्टरचा गोलकीपर होता, गोळीबारात त्याला उचलून आणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पुढेही वॉल्टरचा मृतदेह सापडला नाही. अरासच्या स्मारकावर, ज्यांना कबर मिळाली नाही अशा हजारो नावांत त्याचं नाव कोरलेलं आहे.

ग्लासगोला एडवर्डकडे अधिकाऱ्यांची पत्रं गेली. मिलिटरी क्रॉससाठी वॉल्टरचं नाव सुचवलं होतं, असं त्यांतून भावाला कळलं. ते पदक त्याला मिळालं नाही. ते मिळावं म्हणून शंभर वर्षांनंतरही ब्रिटनमध्ये लोक मागणी करत राहिले. बरीच वर्षं त्याचं नाव मागेच पडलं होतं. मग फिल व्हासिली या अभ्यासकाने त्याचं आयुष्य खणून काढलं. १९९९ मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या स्टेडियमजवळ त्याचं स्मारक उभं राहिलं, आणि २०१८ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्याच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं.

तर ही गोष्ट. मला यात एक हिशोब दिसतो. वॉल्टरच्या आयुष्याला वळण देणाऱ्या माणसांच्या दोन याद्या करता येतील. एका यादीत नावं आहेत : वॉर्नॉक, चॅपमन, लॉफर्ड, बिलिंगहॅम. दुसऱ्या यादीत एकही नाव नाही. ब्रिस्टलच्या त्या प्रेक्षकांपैकी एकाचंही नाव कुणाला माहीत नाही. गर्दीत ओरडण्याची हीच तर सोय असते, नाव लागत नाही. पण नुकसान व्हायचं ते होतंच.

मी आमच्या कॅप्टनला सांगून त्या कॉलेजच्या टीममध्ये चौकशी करवली. आठ नंबर फायनल इयरला होता, पास होऊन गेला. कुठे गेला ते त्यांनाही सांगता आलं नाही. त्याला सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून इथे लिहितो : त्या पन्नासांत एक मी होतो. माझं चुकलं. लेखाखाली नाव, ब्रँच आणि रूम नंबर दिला आहे, तो त्यासाठीच.

यंदाची मॅच पुन्हा आपल्याच ग्राउंडवर आहे. माझा गुडघा दुखावलाय, त्यामुळे मला लाइन्समनचा झेंडा धरायला सांगितलं आहे, आणि बाजू मिळाली आहे ती नेमकी कॅन्टीनची. ओरडायला या, भरपूर ओरडा, आपल्या टीमचं नाव घेऊन घसा बसेपर्यंत ओरडा. पण तो जुना शब्द जर पुन्हा कानावर आला, तर मी झेंडा खाली ठेवून त्या मुलाजवळ जाऊन उभा राहणार आहे. एवढं एक सेकंड हाफ सुरू व्हायच्या आत, गेल्याच वर्षी करायला हवं होतं.